देवाला दिलेला पत्ता

देवासमोर उभं राहिलं की आधी आपलं नाव सांगावं, मग पत्ता सांगावा आणि मगच काय ते मागावं, असं फुसाए निशिवाकीला तिच्या आईनं शिकवलं होतं. आईचं म्हणणं सरळ होतं. रोज एवढी माणसं येतात आणि नुसतं "माझं भलं कर" म्हणून निघून जातात. देवानं भलं करायचं ठरवलं तरी ते नेऊन द्यायचं कुठं? फुसाए आता एकाहत्तर वर्षांची होती आणि एवढ्या वर्षांत तिला या म्हणण्यात खोट सापडली नव्हती.

कोदेन्माचोतलं ते देऊळ एक बारा मजली ऑफिस आणि एक मोटारी ठेवायचा मनोरा यांच्या बेचक्यात होतं. रुंदी जेमतेम एका मोटारीएवढी. पुढं लाल कमान, कमानीच्या आत दगडी कोल्ह्यांची जोडी, त्यांच्या गळ्यात लाल लाळेरी आणि मागं कपाटाएवढा गाभारा, एवढाच सगळा संसार. बाहेर ट्रक धडधडत, मनोऱ्यात दिवसभर मोटारी वर-खाली होत, ऑफिसची माणसं फोनवर कुणाची तरी माफी मागत पळत असत. पण कमानीतून चार पावलं आत गेलं की सगळा आवाज खाली बसे. तो का बसे हे कुणी तपासलं नव्हतं, आणि तपासायला कुणी आत येतही नसे.

फुसाए त्या बारा मजली इमारतीत सातवा, आठवा आणि नववा मजला झाडायची. सकाळी साडेपाचला सुरू करून नऊला मोकळी. नऊ वाजून पाच मिनिटांनी ती कमानीपाशी वाके, दगडी कुंडातलं पाणी पळीनं हातावर घेई, पेटीत पाच येनचं नाणं टाके, घंटेची दोरी हलवी, दोनदा वाके, दोनदा टाळी वाजवी आणि ओठांतल्या ओठांत सुरू करी: मी फुसाए निशिवाकी, मिनोवा, हिरासावा चाळ, वरचा मजला, दोनशे तीन. माझा शिनगो घरी परत येऊ दे. खाऊन-पिऊन अंगानं भरलेला असू दे. कामाचा फार ताण नको पडू दे त्याला. मग आणखी एकदा वाकून ती स्टेशनकडे निघे.

शिनगो तिचा एकुलता एक मुलगा. नवरा तोकुजि तातामी करायचा, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जाड गवती चटया. त्याच्या बापाचा आणि आज्याचाही तोच धंदा. शिनगोनं धंद्याला हात लावायला नकार दिला, ते तोकुजिनं कसंबसं गिळलं. पण बारा वर्षांपूर्वी पोरानं येऊन सांगितलं की आपण एहिमेतल्या कुवाबारा नावाच्या संत्र्यांच्या बागाईतदाराच्या मुलीशी लग्न करतोय, त्यांना मुलगा नाही, तेव्हा आपण त्यांच्याकडेच राहणार आणि त्यांचंच आडनाव लावणार. घरजावई. हे मात्र तोकुजिच्या घशाखाली उतरेना. या घरात कुवाबारा नावाचं कुणी राहत नाही, एवढंच बोलून त्यानं दाभण उचललं आणि चटईची किनार शिवायला घेतली. शिनगो उठला. फुसाए तेव्हा चहा ओतत होती. कप भरला, भरून वाहिला, तरी ती ओततच राहिली आणि बोलली काहीच नाही.

पुढच्या तीन वर्षांत शिनगोची तीन पत्रं आली. आलेलं टपाल नाकारायची आपल्याकडे सोय आहे. पाकीट न फोडता त्यावर 'घेण्यास नकार' अशी चिठ्ठी डकवायची, नावाचा शिक्का मारायचा आणि पेटीत टाकायचं, की टपालखातं ते बिनतक्रार परत नेऊन देतं. तोकुजिनं तिन्ही वेळा हेच करायला लावलं. तो स्वतः जागचा हलत नसे, त्यामुळे कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत जाऊन पाकीट आत सोडायचं काम फुसाएचं.

तिसरं पत्र परत गेलं त्याच वर्षी तोकुजिचे गुडघे गेले, दुकान बंद झालं आणि दोघं अदाचीतल्या सरकारी वसाहतीत राहायला आले. नवा पत्ता कुणाला कळवायचा नाही, असं तोकुजिनं बजावून ठेवलं. चार वर्षांपूर्वी तो गेला. सुंभ जळला तरी पीळ काही जळला नाही. शेजारीण म्हणाली, आता वॉर्ड ऑफिसात अर्ज टाका, मुलाचा पत्ता कागदावर मिळेल. मिळालाही असता. पण ज्या हातानं पत्रं परत टाकली, त्याच हातानं अर्ज भरायचा फुसाएला धीर होईना. तो आपणहून आला तर गोष्ट वेगळी. म्हणून घर बदललं तेव्हापासून देवाकडे सोपवलेलं हे काम तिनं त्याच्याकडेच राहू दिलं होतं आणि सुट्टीचा दिवस सोडून रोज त्याची आठवण देत होती.

त्या देवळात नियमानं येणारं दुसरं माणूस म्हणजे इसोगाइ. हा कुरियरवाला, चाळिशीचा, मान आखूड आणि मत ठाम. नऊच्या सुमाराला तो गाडी मनोऱ्याच्या कडेला लावी आणि कोल्ह्याशेजारच्या पायरीवर बसून भाताचा मुटका खाई. देवळात खाऊ नये हे त्याला माहीत होतं, म्हणून तो कोल्ह्याकडे पाठ करून खाई. चार-पाच वर्षं दोघं एकमेकांना मान डोलवत होते, त्यापलीकडे बोलणं नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी फुसाए शेवटचं वाकून वळली, तर इसोगाइ मुटका हातात तसाच धरून तिच्याकडे बघत होता.

"मावशी, एक विचारू? तुम्ही मिनोवाला राहता?"

"नाही रे. अदाचीला."

"मग मिनोवाला कोण असतं तुमचं?"

"कुणीच नाही."

इसोगाइनं तोंडातला घास संपवला. "आत्ता तुम्ही देवाला हिरासावा चाळ, दोनशे तीन असं सांगितलंत. मी दोन वर्षं तो भाग केलाय. तिथं दारावर तोगाशि अशी पाटी आहे."

आपण अदाचीच सांगितलं, असं फुसाए म्हणाली. इसोगाइ म्हणाला, दोनशे तीन सांगितलंत, पत्ते ऐकणं हा माझा धंदा आहे, आज पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. खात्री करायला म्हणून फुसाए पुन्हा देवाकडे तोंड करून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणायला लागली. मी फुसाए निशिवाकी, इथपर्यंत ती स्वतः म्हणाली. पुढचं जिभेनं परस्पर म्हणून टाकलं: मिनोवा, हिरासावा चाळ, वरचा मजला.

ती थांबली. तीस-पस्तीस वर्षांची सवय. घर बदललं, नवरा गेला, केस पांढरे झाले, पण जीभ अजून मिनोवालाच राहत होती.

"तिकडून निघून किती वर्षं झाली?" इसोगाइनं विचारलं.

"नऊ."

त्यानं मुटक्याचा आणखी एक घास घेतला. मग फुसाएनंच विचारलं, की देवाला एवढं कळत नसेल का, तिचं नाव तर त्याला चांगलं ठाऊक आहे.

"नावाचा उपयोग नसतो, मावशी," इसोगाइ म्हणाला. "माल पत्त्यावर जातो. घरात कुणीही असो, दार उघडलं, शिक्का मारला, की आमच्या लेखी पोचला. पाठवणाऱ्यानं पत्ता चुकीचा घातला तर त्यात आमचा दोष नाही."

"म्हणजे नऊ वर्षं माझं सगळं..."

"पोचत असणार. परत तर काही आलं नाही ना?"

परत काही आलं नव्हतं. इसोगाइनं मुटक्याचा कागद घडी करून खिशात टाकला, घड्याळ बघितलं आणि गाडी घेऊन गेला. फुसाए कोल्ह्यांकडे बघत उभी राहिली. दोन्ही कोल्हे नेहमीसारखेच तिच्या पलीकडे बघत होते.

त्या दिवशी घरी जाताना गाडी मिनोवा स्टेशनात थांबली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. नऊ वर्षं ती दिवसातून दोनदा या स्टेशनातून जात होती आणि एकदाही उतरली नव्हती. आपलं तिथं काही उरलेलं नाही, अशी तिची समजूत होती. आता कळत होतं की तिचं सगळंच तिथं जाऊन पडलं होतं.

दुसरा दिवस पंधरा तारखेचा. दर एकला आणि पंधराला हान्युदा गुरुजी स्कूटरवरून देवळात येत. त्यांच्याकडे अशी सतरा देवळं होती आणि पंधरा नोव्हेंबर म्हणजे लहान मुलांना नटवून देवाला आणायचा दिवस. मोठ्या देवळात चाळीस पोरं आईबापांसकट खोळंबली होती. गुरुजींनी हेल्मेट काढलं ते फुसाए अगदी समोरच येऊन उभी राहिली म्हणून.

तिनं सगळं सांगितलं. देव सर्वज्ञ आहे, गुरुजी म्हणाले. मग पत्ता सांगायचाच कशाला, असं फुसाएनं विचारलं. नम्रता म्हणून, गुरुजी म्हणाले. आणि नम्रपणे चुकीचा सांगितला तर? यावर गुरुजींनी थोडा वेळ गाभाऱ्याकडे बघितलं. अशी तक्रार यापूर्वी आलेली नाही, असं ते शेवटी म्हणाले. नवस लिहायच्या लाकडी पाटीवर नवा पत्ता लिहून टांगून ठेवा, इथून पुढचं ठीक होईल. आणि मागच्या नऊ वर्षांचं काय, हे ती विचारायच्या आत हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढलं होतं.

फुसाएनं पाटी घेतली. घर बदलल्यावर नातेवाइकांना जशी कार्डं धाडतात, तसाच मजकूर तिनं लिहिला. थंडी वाढू लागली आहे, आपली प्रकृती उत्तम असेलच. कळविण्यास उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. आम्ही खालील पत्त्यावर राहावयास गेलो आहोत. 'आम्ही' लिहून झाल्यावर तिला आठवलं की आपण आता एकटेच आहोत, पण पाटीवरचं खोडता येत नाही. परीक्षेत पास कर, बढती मिळू दे, अशा पाट्यांच्या मधे तिनं ती टांगली.

एवढ्यानं तिचं मन स्वस्थ व्हायला हवं होतं. झालं नाही. आपल्यामुळे परक्या घराला नऊ वर्षं काहीबाही सोसावं लागलं असेल तर हातात खाऊचं खोकं घेऊन माफी मागायला जाणं भाग होतं. आपल्याकडे वरच्या मजल्यावरून पाणी गळलं तरी जातात. पण ही झाली सांगायची गोष्ट. खरी धाकधूक वेगळीच होती. देवानं काम चोख केलं असेल आणि शिनगो खरोखरच त्या दारात येऊन, परकी पाटी बघून, मागं फिरला असेल तर? त्याच दुपारी तिनं तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचं एक बऱ्यापैकी खोकं घेतलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ती मिनोवाला उतरली.

हिरासावा चाळ होती तशीच होती. खाली तोकुजिच्या दुकानाच्या जागी कपडे धुवायची यंत्रं आली होती, जिना मात्र तोच, तिसरी पायरी अजून करकरत होती. दोनशे तीनच्या दारावर तोगाशि अशी पाटी होती. घंटा वाजवल्यावर साखळी न काढता दार वीतभर उघडलं आणि साठीच्या एका बाईचा चेहरा दिसला.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "तुमच्याशी देवाबद्दल थोडं बोलायचं होतं," फुसाए म्हणाली.

"आम्ही घेत नाही," तोगाशिबाई म्हणाल्या आणि दार लावू लागल्या.

"मी पूर्वी इथं राहायचे. निशिवाकी."

दार थांबलं. साखळी निघाली. तोगाशिबाईंनी तिला पायांपासून केसांपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे निशिवाकी फुसाए तुम्ही. या, आत या. मला तुम्हाला सांगायचंच आहे."

नाव कसं ठाऊक, हे विचारायचं फुसाएला सुचलं नाही. आपण काय बोलायचं याचीच ती मनात उजळणी करत होती. आत गोधडी घातलेल्या बुटक्या मेजाशी दोघी बसल्या. खालच्या शेगडीनं पाय गरम झाले. मेजावर टोपलीभर संत्री होती. तोगाशिबाईंनी ती पुढं सरकवली, पण माफी मागायला आलेल्या माणसानं फळं सोलत बसणं बरं दिसत नाही, म्हणून फुसाएनं हात जोडून नको म्हटलं. आधी माझं ऐका, मग तुमचं सांगा, असं म्हणून तिनं चकत्यांचं खोकं दोन्ही हातांनी पुढं केलं आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. देऊळ, पत्ता, नऊ वर्षं, कुरियरवाल्याचं मत.

शेवटी तोगाशिबाईंनी विचारलं, "मागत काय होतात नेमकं?"

"मुलगा घरी परत येऊ दे."

तोगाशिबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"आणखी?"

"अंगानं भरू दे. कामाचा फार ताण नको."

बंद दारापलीकडच्या खोलीतून खुर्ची करकरल्याचा आवाज आला. तोगाशिबाईंनी त्या दाराकडे एकदा आणि फुसाएकडे एकदा बघितलं.

"तर ते तुम्ही होतात," त्या म्हणाल्या.

त्यांचा मुलगा मासाया ओसाकाला चांगल्या नोकरीत होता. सहा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी बॅग घेऊन दारात उभा राहिला तो आजतागायत इथंच आहे. वय चौतीस. वजन बावीस किलोनं वाढलेलं. कामाचा ताण म्हणाल तर कामच नाही. दुपारी दोनला उठतो, जेवतो, खोलीत जातो. त्या डॉक्टरांकडे गेल्या, वॉर्ड ऑफिसातल्या बाईंकडे गेल्या, कुणालाही याचं कारण सांगता आलं नव्हतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, हे खरं. पण मागणाऱ्याला सोडून शेजारच्याला देतो, हे त्यांना नवीन होतं.

फुसाए कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकली. तिला खरोखर फार वाईट वाटत होतं.

"मागं नाही का घेता येणार?" तोगाशिबाईंनी विचारलं.

"पत्ता सकाळीच बदललाय," फुसाए म्हणाली. "पण झालेल्याचं काय करायचं ते गुरुजींनी सांगितलं नाही."

एवढ्यात दार सरकलं आणि मासाया बाहेर आला. तो पाहुणीसमोर नीट वाकला, टोपलीतली चार संत्री उचलली, पुन्हा वाकला आणि आत गेला. दार लागलं. तोगाशिबाईंनी टोपलीतली उरलेली संत्री सारखी केली.

"बोलते मी त्याला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण दाराखालून उजेड दिसला की मला झोप लागते. ओसाकाला होता तेव्हा लागायची नाही. तेव्हा राहू द्या, मागं वगैरे काही घेऊ नका."

मग त्या उठल्या. आता माझी पाळी, म्हणाल्या. स्वयंपाकाच्या ओट्याखालून त्यांनी एक पुठ्ठ्याचं खोकं ओढत आणलं आणि फुसाएच्या गुडघ्यांसमोर ठेवलं. संत्र्यांचं खोकं, दहा किलोचं, एका बाजूनं उघडलेलं. वर चिकटवलेल्या चिठ्ठीकडे त्यांनी बोट केलं. घेणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं निशिवाकी फुसाए, हिरासावा चाळ, दोनशे तीन. पाठवणाऱ्याच्या जागी होतं कुवाबारा शिनगो, एहिमे.

अक्षर त्याचंच होतं. चौथीत मास्तरांनी कितीदा सांगूनही न सुधारलेलं, उजवीकडे कलणारं.

फुसाए ती चिठ्ठी पुन्हापुन्हा वाचत राहिली. तोगाशिबाई सांगत होत्या. त्या राहायला आल्या त्याच हिवाळ्यात पहिलं खोकं आलं. परक्याचं खाणं कसं ठेवून घ्यायचं, म्हणून त्यांनी चिठ्ठीवरच्या नंबरावर फोन केला आणि सांगितलं की निशिवाकी इथून गेले, कुठं गेले ठाऊक नाही. तिकडचा माणूस इतका वेळ गप्प होता की फोन तुटला असं वाटलं. मग म्हणाला, तुम्हीच खा, वाटेत सडतील. पुढच्या वर्षी पुन्हा आलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. त्या दरवर्षी आभाराचा फोन करत आणि तो दरवर्षी विचारी, काही कळलं का. एकदा त्यांनी न राहवून विचारलं, की आई इथं नाही हे माहीत असून इथं का पाठवता.

"काय म्हणाला?" फुसाएनं विचारलं.

"माझ्याकडे तेवढाच पत्ता आहे, म्हणाला."

फुसाएनं चिठ्ठीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. इतक्या वर्षांत ती कुणासमोर रडली नव्हती, तोकुजिच्या अंत्यविधीतही नाही, आणि आता परक्या बाईच्या घरात तिच्या डोळ्यांतून सरळ पाणी गळायला लागलं. तोगाशिबाईंनी कागदी रुमालांचा डबा तिच्याजवळ सरकवला आणि फोन उचलला.

"या वर्षीचा आभाराचा फोन राहिलाय माझा," त्या म्हणाल्या. "हे कालच आलं."

नको, असं फुसाए म्हणणार होती, पण तोवर त्यांनी नंबर फिरवला होता. त्या फोनमधे शिस्तीत बोलल्या. खोकं मिळालं, यंदाही चव छान आहे, दरवर्षी संकोच वाटतो. मग म्हणाल्या, जरा एकांना देते, आणि फोन फुसाएच्या हातात ठेवून स्वतः ओट्याकडे जाऊन भांडी घासू लागल्या. भांडी आधीच घासलेली होती.

"हॅलो," तिकडून आवाज आला. बारा वर्षांत जरा जाड झालेला. "कोण?"

"शिनगो," फुसाए म्हणाली.

मागं कुठं तरी एक छोटा ट्रॅक्टर चालू होता. तो बंद झाला.

"आई?"

"हं."

"तू तिथंच राहतेस?"

"नाही. आज आलेय."

"बाबा?"

"गेले. चार वर्षं झाली."

फार त्रास झाला का, असं त्यानं विचारलं. फुसाए म्हणाली, त्यांना नाही झाला, झोपेत गेले. द्यायचा तो त्रास आधीच देऊन झाला होता. यावर तो हसला की काय, ते तिला नीट कळलं नाही. मग तिनं, आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून जे सांगायचं ते सांगून टाकलं.

"तुझी तीन पत्रं परत गेली ना. बाबांनी सांगितलं खरं, पण पेटीत मी टाकली. तिन्ही."

"माहीत आहे."

"कसं?"

"नकाराच्या चिठ्ठीवर अक्षर तुझं होतं, आई."

ओट्यावरची भांडी थांबली. फुसाएला ते आठवलं. तोकुजिला असलं काही लिहायचा कंटाळा होता. त्यानं नुसतं बोट दाखवलं, कागद घेऊन सुवाच्य अक्षरात 'घेण्यास नकार' तिनंच लिहिलं होतं, तीन वेळा, दर वेळी नवी चिठ्ठी. ती फक्त टाकायला गेली होती असं ती इतकी वर्षं स्वतःला सांगत आली होती.

"तरी संत्री पाठवत राहिलास?"

"तुला आवडतात ना," शिनगो म्हणाला.

फुसाएनं खांद्यानं फोन कानाशी दाबून धरला, खोक्यातलं एक संत्रं घेतलं, सोललं आणि त्याची एक फोड तोंडात टाकली. ती चावून होईपर्यंत तिकडं तो थांबला.

"गोड आहेत," ती म्हणाली.

"यंदा ऊन चांगलं पडलं." मग जरा घुटमळून त्यानं विचारलं, "आता पुढच्या वर्षी कुठं पाठवू?"

"पाठवू नकोस," फुसाए म्हणाली. "घेऊन ये."